ॲनिमेशनच्या डिपार्टमेंटमधल्या ॲक्टिव्हिटीजना जावं का, की तो वेळ पोर्टफोलिओला द्यावा?

स्क्रीनिंग, वर्कशॉप, फॅकल्टीचं प्रदर्शन, सगळीकडे हजेरी लावून काय मिळतं आणि त्या सर्टिफिकेटांना काही किंमत असते का, असं विचारलंय तुम्ही. सर्टिफिकेटांना नसते. माझी कुठल्या फाइलीत आहेत तेही मला सांगता येणार नाही, आणि आजवर एकानेही मागितलेली नाहीत.

पण फॅकल्टी स्वतःचं काम दाखवणार असेल त्या दिवशी जाच. बाकी सगळं बुडवा हवं तर. आणि टाळ्या वाजवायला नका जाऊ, चुका काढायला जा.

आम्हाला टायमिंग शिकवणाऱ्या मॅडम लाइन टेस्टच्या बाबतीत, म्हणजे नुसत्या रेषांची चित्रं शूट करून हालचाल तपासण्यात, भयंकर कडक होत्या. माझा एक वॉक सायकल, म्हणजे चालण्याची परत परत फिरणारी चित्रं, त्यांनी चार वेळा परत पाठवला होता, दरवेळी एकच शेरा, "पाय घसरतोय." झालं असं की 28 ऑक्टोबरला, म्हणजे ॲनिमेशन दिनाला, डिपार्टमेंटमध्ये स्क्रीनिंग होतं, आधी पोरांच्या फिल्म्स आणि शेवटी मॅडमची स्वतःची अर्धवट झालेली फिल्म. त्यात एक म्हातारा चालतोय, आठ सेकंदांचा पॅन शॉट, म्हणजे पात्र चालतं तशी मागची बॅकग्राउंड सरकत राहते. ड्रॉइंग अप्रतिम, त्याबद्दल वादच नाही. पण म्हातारा टूजवर होता, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम, सेकंदाला 24 फ्रेम धरून, आणि मागची बॅकग्राउंड मात्र वन्सवर, म्हणजे दर फ्रेमला, सरकत होती. आता हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीये काय होतं ते: टेकलेला पाय एक फ्रेम जमिनीबरोबर आणि पुढची फ्रेम जागच्या जागी, त्यामुळे म्हातारा बर्फावरून चालल्यासारखा थरथरत घसरत होता.

प्रश्नोत्तरं सुरू झाली, सगळे "मॅडम, इन्स्पिरेशन काय होतं" वगैरे विचारत होते, आणि मी उठून म्हणालो, "मॅडम, पाय घसरतोय."

हॉल एकदम गप्प. शेजारच्या मित्राने शर्ट ओढून मला खाली बसवायला बघितलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ज्या माणसामुळे आज आपण हा दिवस साजरा करतोय त्या एमिल रेनोने 1892 मध्ये पॅरिसमध्ये 500 चित्रांत पंधरा मिनिटांचा खेळ केला, हाताने पट्टी मागेपुढे फिरवून. तू काय वन्स-टूज घेऊन बसलायस." सगळे हसले. मीही हसलो, पण मनात म्हणलं, रेनोने माझा सायकल चार वेळा परत नाही पाठवला.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मला वाटलं गेलं वर्ष. तर टेबलावर त्या शॉटची डोप शीट, म्हणजे कुठल्या फ्रेमला कुठलं चित्र त्याचा तक्ता, पसरलेली, आणि मॅडम म्हणतात, "बरोबर आहे तुझं. आता यावर गवत काढ."

गवत! म्हणजे म्हाताऱ्याच्या पायांपुढून गवताचा एक थर सरकवायचा, पाय झाकायचे, विषय संपला. पाय घसरणारच, फक्त दिसणार नाहीत. मी म्हणालो मॅडम, सायकल आहे ना, एकूण 12 चित्रं, मधे आणखी 12 इनबिट्वीन टाकली की 24 फ्रेमचा सायकल वन्सवर येतो, एका दुपारचं काम. त्या म्हणाल्या गवत काढ. मी तीन रात्री गवत काढलं, कारण ते बॅकग्राउंडपेक्षा जरा जास्त वेगाने सरकायला हवं, नाहीतर कागद चिकटवल्यासारखं दिसतं, आणि हा वेग सापडेपर्यंत मी तो थर कितीदा शूट केला याची गणती नाही. पण त्या तीन रात्रींत पॅन या विषयाबद्दल जे कळलं ते सेमिस्टरभर वर्गात कळलं नव्हतं, आणि आमच्याच बॅचचा जो मुलगा "मी घरी बसून पोर्टफोलिओ करतो" म्हणून कधी कशाला आलाच नाही त्याच्या शोरीलमधली सगळी माणसं कमरेपासून वरच चालतात. का ते तुम्हीच ओळखा.

म्हणून म्हणतो, शिक्षकांचं अर्धवट काम बघा आणि तोंड उघडा. जे मास्तर स्वतःची लाइन टेस्ट कधी दाखवतच नाहीत त्यांच्या शेऱ्यांना मी तरी फार किंमत देत नाही. आणि पॅनमध्ये पात्र चालत असेल तर वन्सवर घ्या. गवत काढू नका.

हां, आता खरं सांगायचं तर म्हातारा पाचव्या सेकंदाला अडखळतो. तिथून पुढे सायकल नाहीच, तीन सेकंद सुटी ड्रॉइंग्ज आहेत, 36, म्हणजे तिथे आणखी 36 काढावी लागली असती आणि माझी "एक दुपार" काही खरी नव्हती. हे मला तेव्हा माहीत होतं, मी बोललो नाही. सगळ्याच मॅडम अशा नसतात हेही आहे, काही जण खरंच डूख धरतात, तेव्हा माणूस बघून बोला. आणि कॉलेजनंतर कुठे काम करत असाल तर रात्रीच्या स्क्रीनिंगांचा आग्रह मी धरणार नाही, झोप घ्या. वर्कशॉपबद्दल सांगायचं राहिलं, पण ते घेणारा कोण आहे त्यावर आहे सगळं.

ती फिल्म नंतर पूर्ण झाली. शेवटच्या नावांमध्ये माझं नाव आहे, एका ओळीत एकटंच, आणि त्याच्यापुढे मॅडमनी लिहिलंय: गवत.