सांगलीत बीए मानसशास्त्र झालंय. न्यूरोसायकॉलॉजिस्ट (मेंदू आणि वागणं यांच्या संबंधाचा तज्ज्ञ) व्हायला एमए कुठून करू?

शहर नंतर बघा, आधी आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला क्लिनिकल सायकॉलॉजीचाच (मानसिक आजारांची तपासणी-उपचार शिकवणारा) अभ्यासक्रम निवडा. कारण आरसीआयकडे न्यूरोसायकॉलॉजिस्ट म्हणून वेगळी नोंदणीच नाही. नोंद होते ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून. साधं एमए त्याला पुरत नाही, मग ते शिवाजी विद्यापीठाचं असो की पुण्याचं. प्रवेशाआधी एवढं विचारा: न्यूरॉलॉजी वॉर्डात पोस्टिंग मिळतं का, आणि स्ट्रोक, अपस्मार, डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या चाचण्या स्वतः घ्यायला मिळतात का? नुसतं माहितीपत्रक वाचून हे कळत नाही, सीनियर विद्यार्थ्यांना गाठा. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेसाठी प्रयत्न जरूर करा, पण जागा मोजक्या. फक्त संशोधनच करायचं असेल तर मात्र आरसीआयचा आग्रह नको. एमए करून पीएचडीकडे वळा.