टॉमी जॉन हा बेसबॉलमधला डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) कोपराच्या ऑपरेशननंतर इतकी वर्षं कसा टिकला?

मुख्य कारण, त्याची भिस्त वेगावर नव्हतीच. तो सिंकर टाकायचा. शेवटी खाली बुडणाऱ्या त्या चेंडूवर फलंदाजाचा फटका जमिनीलगतच जायचा.

जुलै १९७४ मध्ये डॉजर्स संघाकडून खेळताना त्याच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) तुटलं. २५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी उजव्या हातातली कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून, कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यांतून ओवली. पुढे मज्जातंतूचा त्रास झाला, पुन्हा ऑपरेशन. १९७५चा हंगाम पूर्ण वाया! १९७६मध्ये परतला, १९८९पर्यंत खेळला. पिचर म्हणून त्याच्या नावावरच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे. आणि हो, या ऑपरेशनने वेग वाढतो हा गैरसमज आहे. नवी कंडरा फक्त तुटलेल्या लिगामेंटची जागा घेते.