धंदा पुढे गेला, कागद मागेच राहिले

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी सात वर्षांपासून कापडी पिशव्या डिझाइन करून ऑनलाइन विकतोय, गेल्या वर्षीपासून कपडेही सुरू केलेत. आजवर कुणाशी भांडण नाही, नोटीस नाही. तरी ओळखीतले एक काका म्हणाले की वर्षातून एकदा लीगल चेकअप करून घेत जा. काही दुखत नसताना वकिलाकडे जायचं म्हणजे पैसे वायाच ना? आणि गेलोच तर नेमकं काय तपासून घ्यायचं?

उत्तर: ताई, काही दुखत नाहीये ना, मग हीच वेळ आहे. नोटीस हातात पडल्यावर तुम्ही वकिलाकडे धावता तेव्हा सह्या होऊन गेलेल्या असतात, रागाच्या भरात मेसेज पाठवून झालेले असतात आणि वकिलाला फक्त निस्तरत बसावं लागतं. अमेरिकेत लुईस ब्राउन नावाच्या वकिलांनी १९५० च्या सुमाराला हेच लावून धरलं होतं, की तब्येत बरी असताना डॉक्टर तपासतो तसं वकिलानेही तपासावं, प्रिव्हेंटिव्ह लॉ म्हणतात त्याला. मला हे मनापासून पटतं, कारण माझ्याकडे येणाऱ्या छोट्या व्यावसायिकांत कायदा मुद्दाम मोडलेला माणूस क्वचित सापडतो, बहुतेकांचं एकच झालेलं असतं की धंदा कुठच्या कुठे गेला आणि कागद पहिल्या वर्षी होते तिथेच पडून राहिले.

आता तुमचंच घ्या. 'आम्ही दोघी' असं लिहिलंत, पण तुमच्या दोघींत काही करार झालाय का ते नाही लिहिलं. कंपनी काढलेली नसेल आणि दोघी मिळून नफ्यासाठी धंदा करत असाल तर बऱ्याच देशांत कायदा तुम्हाला कागद नसतानाही पार्टनर धरतो. म्हणजे मैत्रिणीने धंद्यासाठी उधारीवर कापड उचललं तर ते देणं तुमच्याही डोक्यावर, आणि धंद्यातले पैसे पुरले नाहीत तर घरचे काढायचे. दोघींपैकी एकीचं बरंवाईट झालं तर पार्टनरशिप तिथेच संपते असाही नियम अनेक ठिकाणी आहे, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. मैत्रीत हे बोलायला जड जातं, मला कळतं ते, पण बोला. एकीला बाहेर पडायचं झालं तर तिच्या वाट्याची किंमत कशी काढायची, ब्रँडचं नाव कुणाकडे राहणार, आजारपणात सहा महिने एकीला जमलंच नाही तर पैसे कसे वाटायचे, हे सगळं दोन-तीन पानांत बसतं आणि तुमचं पटतंय तोवरच नीट लिहून होतं.

कंपनी असेल तर थोडं वेगळं. ब्रिटनमध्ये सालोमन नावाचे बूट बनवणारे गृहस्थ होते, त्यांचा खटला कायद्याच्या अभ्यासात १८९७ चा म्हणून शिकवला जातो. त्यांची कंपनी बुडाली, पैसे येणं असलेले लोक त्यांच्या मागे लागले, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वांत वरच्या कोर्टाने, सांगितलं की कंपनी वेगळी, माणूस वेगळा, कंपनीचं देणं त्यांच्या खिशातून वसूल करता येणार नाही. छोट्या धंद्याला कंपनीचा मोठा आधार असतो तो हाच. पण तोच आधार लोक एका सहीत घालवतात. म्हणून कुठलाही करार उघडलात की आधी शेवटचं पान बघा. तिथे सहीच्या वर कंपनीचं नाव आणि खाली 'संचालक' असं आहे का, की नुसतं तुमचं नाव आहे? आणि त्याच पानावर किंवा पुढे जोडलेल्या कागदावर 'वैयक्तिक हमी' असे शब्द आहेत का? असतील तर तेवढ्या देण्यापुरतं तुम्ही आणि कंपनी एकच झालात. कर्जाच्या आणि जागेच्या कागदांत हे फार सापडतं.

पुढचा मुद्दा लोगोचा, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. लोगो कुणी काढला होता? फ्रीलान्सरने काढला असेल, तुम्ही पैसे दिलेत, फाइल मेलवर आली, विषय संपला असं वाटतं. पण बहुतेक देशांत बाहेरच्या माणसाने काढलेल्या चित्राचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, तो तुमच्या नावावर करून देणारा सही केलेला कागद लागतो. पैसे दिल्याची पावती म्हणजे तो कागद नव्हे. कॉपीराइटला नोंदणी लागत नाही, १८८६ चा बर्न करार, म्हणजे कॉपीराइटबद्दलचा देशादेशांतला करार, पुढे सुधारत गेला त्यात ते ठरलंय, त्यामुळे त्याने कुठेच नोंदवलं नसलं तरी हक्क त्याचाच. सात वर्षांपूर्वीचा तो माणूस शोधा आणि चार ओळींच्या कागदावर सही घ्या, आज तो आनंदाने करेल. उद्या तुमचा ब्रँड मोठा झाल्यावर किंवा कुणी विकत घ्यायला आल्यावर त्याच सहीची किंमत वाढलेली असेल.

ट्रेडमार्क काढला असेल तर सर्टिफिकेटवर क्लास कुठला आहे ते वाचा. कुठल्या वस्तूंसाठी किंवा सेवांसाठी नोंद आहे ते क्लासवरून कळतं, आणि देशोदेशी वापरल्या जाणाऱ्या नीस वर्गीकरणात असे ४५ क्लास आहेत, पहिले ३४ वस्तूंचे आणि उरलेले ११ सेवांचे. खरेदीच्या पिशव्या १८ मध्ये येतात, कपडे २५ मध्ये. म्हणजे सात वर्षांपूर्वी फक्त १८ मध्ये नोंद केली असेल तर गेल्या वर्षीपासून विकताय त्या कपड्यांसाठी २५ मधली नोंद तुमच्याकडे नाहीच. दुसऱ्या देशातही माल पाठवायचा विचार असेल तर पहिल्या अर्जाची तारीख लिहून ठेवा, ट्रेडमार्कसारख्या हक्कांबद्दलच्या पॅरिस करारात सामील असलेल्या देशांत ६ महिन्यांच्या आत अर्ज केला तर तीच जुनी तारीख धरली जाते.

बाकी जाताना जागेचा करार, कर्जाचे कागद, विमा, मोठ्या सप्लायरशी आणि गिऱ्हाइकांशी झालेले करार, लायसन्स, सगळं एका फाइलमध्ये घालून न्या. अपूर्ण असेल तरी न्या, काय नाहीये हेही वकिलाला कळायला हवं. एकजण माझ्याकडे जागेचा चौदा पानी करार घेऊन आले होते, त्यांना जागा सोडायची होती. अकराव्या पानावर एक ओळ, की मुदत संपायच्या ९० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप आणखी तीन वर्षांसाठी वाढेल. ते मुदत संपायला ७० दिवस उरले असताना आले होते. ती ओळ त्यांनी सही करताना वाचली होती, पण पुढे चार वर्षांत पुन्हा उघडून बघितलीच नाही. त्यामुळे चेकअपहून आल्यावर अशा सगळ्या तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, दोघींच्याही.

प्रश्न: माझ्याकडे एक मुलगी तीन वर्षं काम करते. करारात तिला फ्रीलान्सर म्हटलंय, तिचीही हरकत नाही. मग यात तपासायचं काय?

उत्तर: करारात काय म्हटलंय यापेक्षा रोज काय चालतं हे बऱ्याच देशांतली कोर्टं बघतात. ती किती वाजता यायचं हे तुम्ही ठरवता का, कॉम्प्युटर तुमचा आहे का, सुट्टी तुम्हाला विचारून घेते का, दुसऱ्या कुणाचं काम करायची तिला मुभा आहे का? पहिल्या तिन्हींना हो आणि शेवटच्याला नाही असं उत्तर येत असेल तर ती कर्मचारी ठरायची शक्यता खूप आहे, आणि मग रजा, विमा, कर यांची मागची बाकी तुमच्यावर येऊ शकते. तिची आज हरकत नाही हे ठीक, पण हे हक्क बहुतेक ठिकाणी सही करून सोडता येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर तीन वर्षं तुमच्यासाठी राबलेल्या मुलीला जे मिळायला हवं ते मिळावं, मला तरी ते योग्य वाटतं. वकिलाला कराराबरोबर तिचा रोजचा दिवस कसा जातो तेही सांगा.

प्रश्न: वेबसाइटवरच्या अटी आणि प्रायव्हसी पॉलिसी मी दुसऱ्या साइटवरून घेतल्यात, नाव बदललंय. चालेल ना?

उत्तर: नको. आधी तुमचंच पान नीट वाचा, मधे कुठेतरी त्या दुसऱ्या कंपनीचं नाव किंवा ईमेल राहिलेला असतो, मी हे कितीतरी वेळा बघितलंय. वाद कुठल्या गावच्या कोर्टात चालणार ती ओळही त्यांचीच असते. आणि पॉलिसीत 'आम्ही माहिती कुणाला देत नाही' लिहिलंय पण तुम्ही कुरिअरला पत्ता आणि फोन नंबर देता, तर ते सरळ चुकीचं विधान झालं. युरोपियन युनियनमधल्या लोकांना माल विकत असाल तर तिथला जीडीपीआर, म्हणजे लोकांची खाजगी माहिती जपण्याचा कायदा, २५ मे २०१८ पासून बाहेरच्या धंद्यांनाही लागू आहे. एका कागदावर लिहून काढा की गिऱ्हाइकाकडून काय काय माहिती घेता, ती कुठे साठवता, कुणाला देता आणि कधी पुसता, आणि तो कागद वकिलाला द्या, पॉलिसी त्यावरून लिहायला सांगा.