वर्सोव्यातली आमची मासेमारी बोट, सहा सिलिंडर डिझेल इंजिन गरम होऊन जाम झालं. नवीन घ्यावं की ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) करावं?

ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) आणि क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) शाबूत असतील तर ओव्हरहॉलच करा. ब्लॉकला तडा असेल किंवा लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) ओ-रिंगची (रबरी सीलची) बैठक खाऱ्या पाण्याने खाल्ली असेल तर नवीन घ्या. त्यामुळे आधी हेड (इंजिनचं वरचं झाकण) आणि संप (खालचं तेलाचं भांडं) उतरवा, भाव नंतर विचारा. लेथवाल्याकडून क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने मोजून घ्या. 0.25 किंवा 0.50 मिमी घासून अंडरसाइज (त्या मापाचं लहान) बेअरिंग बसत असेल तर काळजी नाही. जर्नल शेवटच्या अंडरसाइजच्याही खाली गेले असतील तर क्रँक बाद. ब्लॉक आणि हेडला डाय टेस्ट (रंग लावून तडे शोधणं) कराच, गरम झालेल्या इंजिनात केसासारखा तडा डोळ्यांना दिसत नाही.

ओव्हरहॉलचा खर्च नव्याच्या साधारण निम्म्याच्या वर जात असेल तर नवीन बरं. पण नव्याच्या किमतीत एवढंही धरा:
- बेड, कपलिंग, शाफ्टचं अलाइनमेंट
- आरपीएम किंवा गिअर रेशो बदलला तर पंखा (प्रोपेलर)
- बोटीच्या नोंदणीत इंजिन नंबर बदलणं

काहीही ठरवा, गरम का झालं ते आधी शोधा. खाऱ्या पाण्याच्या पंपाच्या इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या चक्राची) पाती तुटून हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्यांत अडकतात. ती काढली नाहीत तर नवीन इंजिनही तसंच जाम होईल.