वाचकांचे प्रश्न : सर्व्हर हिरवे, तरी साइट बंद

प्रश्न : कळंगुट-बागाकडच्या हॉटेलांचं बुकिंग घेणारी आमची साइट दोन सर्व्हरवर चालते. पुढे एचएप्रॉक्सी आहे (सर्व्हरांमध्ये विनंत्या वाटणारा प्रोग्राम), विनंत्या आळीपाळीने वाटल्या जातात. डिसेंबरात संध्याकाळी गर्दी झाली की साधारण निम्म्या लोकांना ५०० ची (सर्व्हरमध्ये बिघाड) एरर येते, पण एचएप्रॉक्सीच्या स्टॅट्सच्या पानावर दोन्ही सर्व्हर हिरवेच, म्हणजे चालू. असं कसं?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : सर्व्हरच्या ओळीत नुसतं 'चेक' लिहिलंय ना? मग एचएप्रॉक्सी फक्त पोर्टला जोडणी होते का, एवढंच बघतो. एका सर्व्हरवर डेटाबेसच्या जोडण्या संपल्या आणि अॅप प्रत्येकाला ५०० देऊ लागलं, तरी पोर्ट उघडाच असतो. आळीपाळीची वाटणी असल्यामुळे निम्म्यांवरच निभावलं. 'लीस्टकॉन' (ज्याच्याकडे जोडण्या कमी, त्याला पुढची विनंती) लावलं असतं तर हाल वाढले असते: बिघडलेला सर्व्हर एरर झटपट देऊन मोकळा होतो, त्याच्याकडच्या जोडण्या कमी दिसतात आणि नवी गर्दी त्याच्याचकडे वळते.

'ऑप्शन एचटीटीपीचेक' (नुसतं पोर्ट न बघता पान मागून तपासणी) लावून तपासणीसाठी अॅपमध्ये वेगळं पान करा. विनंतीत होस्ट हेडर (कुठली साइट हवी ते नाव) पाठवायला विसरू नका. तो नसेल तर वेब सर्व्हर भलत्याच साइटचं उत्तर देतो. २०० आणि ३०० च्या घरातली सगळी उत्तरं मूळ सेटिंगमध्ये चालून जातात, म्हणजे लॉगिनच्या पानाकडे पिटाळणारं ३०२ सुद्धा 'ठीक' ठरतं. म्हणून 'एचटीटीपी-चेक एक्स्पेक्ट स्टेटस २००' असं स्पष्ट लिहा. तपासणी दर २ सेकंदांनी होते, ३ दा नापास झाला की सर्व्हर बाहेर, २ दा पास झाला की आत. हे आकडे मुळातलेच आहेत आणि तुमच्या कामाला पुरेसे आहेत.

आता यातली खोच. या पानावरून डेटाबेसला भारी क्वेरी मारू नका. डेटाबेस दोघांना एकच असेल, तर तो जरा मंदावला की दोन्ही सर्व्हर एकदम बाहेर पडतात आणि साइट अख्खी ५०३ वर (सेवा उपलब्ध नाही) जाते. अॅप जिवंत आहे का आणि त्याच्याकडे मोकळी जोडणी आहे का, इतकंच विचारा.

शिवाय प्रत्येक सर्व्हरला 'मॅक्सकॉन' (एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा) घाला, म्हणजे जास्तीची गर्दी अॅपवर न आदळता प्रॉक्सीच्या रांगेत थांबेल. मात्र 'टाइमआउट क्यू' (रांगेत थांबण्याची मुदत) वेगळा दिला नाही तर रांगेला कनेक्टचाच टाइमआउट (सर्व्हरशी जोडणी होण्याची मुदत) लागू होतो. तो ५ सेकंद असेल तर सहाव्या सेकंदाला माणूस ५०३ घेऊन बाहेर. लॉगमध्ये ही नोंद 'एसक्यू' म्हणून येते. 'एसएच' आणि ५०४ दिसलं तर सर्व्हरने वेळेत उत्तर दिलेलं नाही. सर्व्हरच्या नावाच्या जागी 'नोसर्व्ह' दिसलं तर विनंती कुठल्याच सर्व्हरपर्यंत पोचली नाही, उदाहरणार्थ वाटायला एकही सर्व्हर उरला नव्हता.

प्रश्न : कॉलेजच्या निकालाच्या साइटला दुसरा सर्व्हर जोडल्यापासून मुलं मध्येच लॉगआउट होतात.
— फोंडा

उत्तर : सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) सर्व्हरच्या डिस्कवर फाइलमध्ये राहतं. दुसऱ्या सर्व्हरला त्याचा पत्ताच नसतो. पक्का उपाय म्हणजे सेशन रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणारा सामाईक साठा) किंवा डेटाबेसमध्ये नेणं. तोवर एचएप्रॉक्सीची कुकी लावून ('इन्सर्ट इनडायरेक्ट नोकॅश') मुलाला त्याच सर्व्हरला चिकटवा, आणि सोबत 'ऑप्शन रीडिस्पॅच' द्या, म्हणजे तो सर्व्हर बंद पडला तर विनंती दुसऱ्याकडे जाईल. आयपीवरून वाटणारं 'बॅलन्स सोर्स' टाळा : कॉलेजची अख्खी लॅब एकाच आयपीवरून बाहेर पडते आणि सगळी एकाच सर्व्हरवर बसते.

प्रश्न : अॅपच्या लॉगमध्ये प्रत्येक पाहुण्याचा आयपी एकच, प्रॉक्सीचा.
— मडगाव

उत्तर : 'ऑप्शन फॉरवर्डफॉर' लावा, म्हणजे एचएप्रॉक्सी पाहुण्याचा आयपी एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमधून अॅपला कळवील. त्याआधी बाहेरून आलेला एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर पुसून टाका, नाहीतर कुणीही हवा तो आयपी लिहून पाठवील. अॅपनेही हा हेडर प्रॉक्सीच्या आयपीकडून आला तरच मानावा.

प्रश्न : काजूगरांच्या दुकानाची साइट एनजिन्क्समागे (प्रॉक्सीचंही काम करणारा वेब सर्व्हर) आहे. पाकिटांचे फोटो चढवताना ४१३ (फाइल फार मोठी) येतं. एचएप्रॉक्सी घ्यावा का?
— डिचोली

उत्तर : त्यासाठी नको. 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' मुळात १ एमबी असते, ती १० एमबी करा, कॉन्फिग तपासून रीलोड करा. एकाच सर्व्हरला एनजिन्क्स भरपूर झाला. सर्व्हर दोन-तीन झाले तर गोष्ट वेगळी : एनजिन्क्सच्या मोफत आवृत्तीत स्वतःहून केलेली आरोग्य-तपासणी नाही, खऱ्या ग्राहकाची विनंती फसली तरच त्याला कळतं आणि मग तो त्या सर्व्हरला १० सेकंद बाजूला ठेवतो.

प्रश्न : आणि प्रॉक्सीचं मशीनच बंद पडलं तर?
— वास्को

उत्तर : दोन मशीनांवर तीच कॉन्फिग ठेवा, दोन्हींवर कीपअलाइव्हड चालवा. हा प्रोग्राम व्हीआरआरपीने (मशीनांनी एकमेकांना 'मी जिवंत आहे' कळवायची पद्धत) सामाईक आयपी जिवंत मशीनकडे नेतो. नुसतं मशीन चालू असून भागत नाही, एचएप्रॉक्सीची प्रोसेस चालू आहे का हे बघणारी ट्रॅक स्क्रिप्ट जोडा. हे संदेश मल्टिकास्टने (एकदम सगळ्यांना) जातात, पण क्लाउडवर मल्टिकास्ट बहुधा चालत नाही. तिथे 'युनिकास्ट पीअर' (दुसऱ्या मशीनचा थेट पत्ता) लिहावं लागतं आणि आयपी हलवायला त्या क्लाउडची स्वतःची सोय वापरावी लागते. मशीनं ऑफिसातच असतील तर दोन्ही एकाच यूपीएसवर लावू नका. पावसात वीज गेली की दोन्ही एकदमच झोपतील.