हद्दपार, तडीपार की निर्वासित? विमानाने परत पाठवलेल्यांना मराठीत काय म्हणावे

पत्रकारितेचे शिक्षण घेणाऱ्या एका वाचक भगिनीने विचारले आहे: ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी मालवाहू विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले, तेव्हापासून मराठी बातम्यांत या माणसांसाठी ‘हद्दपार’, ‘तडीपार’, ‘निर्वासित’, ‘अवैध प्रवासी’, ‘घुसखोर’ असे वेगवेगळे शब्द दिसतात, त्यांतला योग्य कोणता? आणि इंग्रजीत ज्यांना ‘अनडॉक्युमेंटेड’ म्हणतात, त्या कामगारांना मराठीत काय म्हणावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. परक्या देशाच्या सरकारने हुकूम काढून माणसाला आपल्या भूमीतून बाहेर घालवणे, या क्रियेला मराठीत ‘हद्दपार करणे’ म्हणावे, आणि त्याला त्याच्या देशात पोहोचवण्यावर भर असेल तर ‘मायदेशी रवानगी’ म्हणावे. ‘तडीपार’ आणि ‘निर्वासित’ हे शब्द येथे चुकीचे आहेत, आणि ती चूक किरकोळ नाही, कारण दोन्ही शब्द वाचकाच्या मनात भलताच माणूस उभा करतात.

‘निर्वासित’पासून सुरुवात करतो. माझे लहानपण कल्याणजवळ गेले. शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधी कुटुंबे येऊन राहिली, त्यांच्या छावण्यांवरून वस्त्यांना पडलेली ‘कॅम्प एक’, ‘कॅम्प चार’ ही नावे आजही रिक्षावाल्याला सांगितली की तो बरोबर जागी सोडतो, आणि आमच्या घरी त्या लोकांविषयी बोलताना एकच शब्द असे: निर्वासित. ज्याचे घर सुटले आणि जो आसऱ्याला आला, तो निर्वासित. त्यामुळे अमृतसरच्या बातमीत ‘अमेरिकेतील निर्वासित भारतीय परतले’ असे वाचून माझ्या ऐंशी ओलांडलेल्या मावशीने विचारले, ‘अरे, निर्वासित परत कसे येतील? परत जायला जागा नसते म्हणूनच तर ते निर्वासित ना?’ तिचे म्हणणे अचूक होते. हिंदीत निर्वासन म्हणजे देशाबाहेर घालवणे, निर्वासित म्हणजे घालवलेला, आणि आसऱ्याला आलेल्यासाठी हिंदीत ‘शरणार्थी’ हा वेगळा शब्द आहे. व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले तर हिंदीतला अर्थ मूळ संस्कृतला जवळचाही आहे. पण मराठीत १९४७ नंतर ‘निर्वासित’ हा शब्द आश्रयार्थी माणसाला कायमचा चिकटला आहे, आणि हिंदी मजकूर घाईने मराठीत आणताना तो तसाच उचलला की घालवून दिलेल्या माणसाचा आसरा मागणारा माणूस होतो. कायद्यातही या दोघांचे हक्क फार वेगळे असतात, म्हणून हा गोंधळ भाषेपुरता राहत नाही.

‘अवैध प्रवासी’ ही त्याच वाटेने आलेली दुसरी जोडी. हिंदीत प्रवासी म्हणजे स्थलांतर केलेला. मराठीत प्रवासी म्हणजे एस.टी.त, लोकलमध्ये किंवा विमानात बसलेला. ‘विमानात १०४ अवैध प्रवासी’ हे मराठी वाक्य वाचून कोणालाही वाटेल की हे लोक तिकीट न काढता विमानात चढले. प्रत्यक्षात त्यांच्यातल्या अनेकांना हातात बेड्या आणि पायांत साखळ्या घालून त्या विमानात बसवण्यात आले होते. मराठीत ‘स्थलांतरित’ हा स्वच्छ शब्द रूढ असताना ‘प्रवासी’ घेण्याचे काहीच कारण नाही.

‘तडीपार’ हा शब्द मला फार आवडतो. तड म्हणजे काठ, किनारा. ‘पैलतड’मध्ये तो अजून जिवंत आहे. काठापलीकडे घालवलेला तो तडीपार. पण आज महाराष्ट्रात या शब्दाला नेमका कायदेशीर अर्थ आला आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलमे ५५, ५६ आणि ५७ यांखाली टोळ्या, गुंड किंवा वारंवार शिक्षा झालेले गुन्हेगार यांना एका किंवा अधिक जिल्ह्यांतून जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी बाहेर घालवता येते, आणि त्या हुकमाला आपण तडीपारी म्हणतो. तडीपार माणूस देशातच असतो. ठाण्यातून निघून तो नाशकात राहू शकतो. शिवाय ‘तडीपार’ म्हटले की ‘गुंड’ हा शब्द न लिहिताही ऐकू येतो. जमीन विकून, कर्ज काढून, एजंटाच्या हवाली लाखो रुपये करून पनामाच्या जंगलातून अमेरिकेच्या सीमेपर्यंत पोहोचलेल्या पंचविशीतल्या पोराला तडीपार म्हटले, की आपण त्याच्या नावावर त्याने न केलेले गुन्हे चढवतो. त्याने सीमेचा कायदा मोडला असेल, पण त्याचा अर्थ तो आपल्या गल्लीतला दादा होता असा होत नाही.

आता ‘हद्दपार’. हद्द हा अरबीतून आलेला शब्द, अर्थ सीमा. हा शब्द मराठीत जुना आहे आणि स्वातंत्र्याच्या चळवळीमुळे त्याला वजन आले. १९०७ मध्ये लाला लजपतराय यांना खटला न चालवता मंडालेला नेले, ती हद्दपारी होती. पुढच्याच वर्षी लोकमान्य टिळकही मंडालेला गेले, पण त्यांच्यावर मुंबईत राजद्रोहाचा खटला चालून सहा वर्षांची शिक्षा झाली होती. ठिकाण एकच असल्यामुळे आपल्या स्मरणात हद्दपारी आणि शिक्षा एकमेकांत मिसळून गेल्या, आणि त्यातून ‘हद्दपारीची शिक्षा’ हा शब्दप्रयोग सहज तोंडी येतो. अमेरिकेच्या संदर्भात तो टाळावा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये, चिनी मजुरांच्या खटल्यात, हद्दपारीचा हुकूम ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे असे म्हटले आणि ती भूमिका आजवर टिकून आहे. वाचायला हे सौम्य वाटते, पण परिणाम उलटा होतो. शिक्षा नाही म्हणून फौजदारी आरोपीला मिळणारे संरक्षण नाही, आणि वकील परवडत नसेल तर सरकार आपल्या खर्चाने वकील देत नाही. म्हणून ‘हद्दपारीची शिक्षा’ असे न लिहिता ‘हद्दपारीचा हुकूम’ किंवा ‘आदेश’ असे लिहावे. तेवढ्या एका शब्दात त्या व्यवस्थेचे खरे रूप दिसते. (१९९६ च्या कायद्याने अमेरिकेने आपल्या परिभाषेत हद्दपारी आणि सीमेवर प्रवेश नाकारणे या दोन्ही कारवायांना मिळून ‘रिमूव्हल’, म्हणजे ‘दूर करणे’, असे एकच नाव दिले. मराठीत तो शब्द आणण्याची गरज नाही. आपण वस्तू दूर करतो.)

‘हद्दपार’ या शब्दाची एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. माणूस कुठून घालवला ते तो सांगतो, कुठे पोहोचवला ते सांगत नाही. लालाजींना स्वतःच्या प्रांतातून दूर नेले होते. अमृतसरच्या विमानातली माणसे स्वतःच्या देशात आणून सोडली होती. ती बाजू दाखवायची असेल तेव्हा ‘परत पाठवणी’पेक्षा ‘रवानगी’ बरा. पाठवणी मराठीत लग्नानंतर मुलीची होते, आणि ‘परत पाठवली’ हे शब्द सासरहून माहेरी धाडलेल्या मुलीविषयी कुजबुजत उच्चारले जातात. रवानगी मात्र ‘कोठडीत रवानगी’, ‘तुरुंगात रवानगी’ अशी होते, म्हणजे तिच्यात सरकारी सक्ती आधीच आहे. ‘मायदेशी रवानगी’ या जोडीत सक्तीही येते आणि दिशाही येते. ‘प्रत्यर्पण’ मात्र येथे सर्वस्वी गैरलागू आहे. ते कराराने, एखाद्या खटल्यातल्या आरोपीचे होते, जसे मुंबईवरील हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याचे एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेकडून भारताकडे झाले.

दुसरा प्रश्न अवघड आहे, कारण तिथे शब्द क्रियेचा नसून माणसाचा आहे.

‘घुसखोर’ घ्या. लाचखोर, व्याजखोर, भांडखोर या मालिकेतला ‘खोर’ फारसीतला, मूळ अर्थ खाणारा. मराठीत तो माणसाची खोड, त्याचा स्वभाव दाखवतो. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर शस्त्रे घेऊन बसलेल्यांना आपण घुसखोर म्हटले आणि ते योग्यच होते. तोच शब्द पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणाऱ्या माणसाला लावला की दोघे एकाच रांगेत उभे राहतात. शिवाय वस्तुस्थितीही त्यात बसत नाही. अमेरिकेत परवान्याविना राहणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग रीतसर व्हिसा घेऊन, विमानतळावर शिक्का मारून घेऊन आत गेलेला असतो आणि मुदत संपल्यावर परतलेला नसतो. तो कुठेही घुसलेला नाही. त्याला ‘मुदत उलटून राहिलेला’ म्हणावे. शब्द एकाऐवजी तीन झाले तरी चालतील.

‘बेकायदा’ हा शब्द मी वर्ज्य मानत नाही. कायदा मोडला असेल तर तसे म्हटले पाहिजे, आणि परवानगीची वाट पाहत वर्षानुवर्षे थांबणाऱ्या माणसाची तक्रारही खरी आहे. माझा आग्रह एवढाच आहे की हे विशेषण क्रियेला लावावे. ‘बेकायदा प्रवेश’, ‘बेकायदा वास्तव्य’ हे शुद्ध मराठी आहे. ‘बेकायदा माणूस’ हे मराठीला मुळातच रुचत नाही. विनाहेल्मेट गाडी चालवणाऱ्याला आपण बेकायदा चालक म्हणत नाही. इंग्रजी पत्रकारितेतही हा वाद झाला आहे: असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने एप्रिल २०१३ मध्ये आपल्या लेखननियमांत, ‘बेकायदा’ हे विशेषण कृतीला लावावे, व्यक्तीला लावू नये, असे ठरवले.

उलट ‘अनडॉक्युमेंटेड’चे शब्दशः भाषांतर ‘कागदपत्रे नसलेला’ हेही फसवे आहे. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत ‘विनाकागद’ अशा अर्थाचे शब्द रुळले आहेत, पण मराठी माणसाला कागदपत्रे नाहीत म्हटल्यावर सातबारा, रेशनकार्ड, जन्मदाखला आठवतो. अमेरिकेतल्या या कामगारांकडे कागद पुष्कळ असतात: आपल्या देशाचा पासपोर्ट, कर भरल्याच्या पावत्या, कधी दुसऱ्याचे किंवा बनावट ओळखपत्र. नसते ती राहण्याची आणि काम करण्याची परवानगी. म्हणून मी ‘विनापरवाना’ हा शब्द सुचवतो. विनापरवाना बांधकाम, विनापरवाना वाहतूक हे आपण रोज वाचतो. त्यात दोषाची नोंद आहे, पण शिवी नाही. ‘विनापरवाना कामगार’ म्हटले की काय कमी आहे ते नेमके कळते, आणि ‘कामगार’ हा शब्दही शाबूत राहतो.

तो शाबूत राहणे मला महत्त्वाचे वाटते, कारण या साऱ्या चर्चेत शब्द माणसाच्या येण्यावर खिळतात आणि त्याच्या कामाकडे, म्हणजेच त्याला काम देणाऱ्याकडे, पाहत नाहीत. अमेरिकेत पिकांच्या कामावरील मजुरांपैकी सुमारे ४० टक्के विनापरवाना आहेत. १९४२ ते १९६४ या काळात तिथल्या सरकारने करार करून मेक्सिकोतून शेतमजूर आणले. १९५२ च्या कायद्याने सीमा ओलांडून आलेल्याला थारा देणे हा गुन्हा ठरवला, पण त्याच कायद्यात स्पष्ट लिहिले की नेहमीच्या रीतीने नोकरी देणे म्हणजे थारा देणे नव्हे. मालकाला जबाबदार धरणारा देशव्यापी कायदा १९८६ मध्ये आला, आणि तोही ‘जाणूनबुजून’ कामावर ठेवले तरच लागू होणारा. दाखवलेला कागद वरवर खरा दिसला की मालक सुटतो. ‘बेकायदा कामगार’ हा शब्द सर्वत्र झाला, पण ‘बेकायदा मालक’ हा शब्द कोणत्याही भाषेत ऐकू येत नाही.

शब्दाने माणूस कसा पुसला जातो याचे एक उदाहरण मला विसरता येत नाही. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोस दरीत अमेरिकी सरकारने भाड्याने घेतलेले विमान कोसळले. त्यात ३२ जण गेले. चार अमेरिकी होते: विमानाचे कर्मचारी आणि एक रक्षक. उरलेले २८ मेक्सिकन शेतमजूर, ज्यांना मायदेशी नेले जात होते. देशभर गेलेल्या बातम्यांत चौघांची नावे आली, आणि अठ्ठावीस जणांसाठी एकच शब्द आला, ज्याचा मराठी अर्थ ‘हद्दपार केलेले’. फ्रेस्नोच्या दफनभूमीत त्यांना एकत्र पुरले. त्यांची नावे कोरलेला दगड तिथे बसला तो २०१३ मध्ये, ६५ वर्षांनी.

म्हणूनच ‘हद्दपार’ हा शब्द योग्य असला तरी त्याचे नाम करून ‘१०४ हद्दपार उतरले’ असे लिहू नये. त्याच्यापुढे माणसाला जागा ठेवावी. परराष्ट्रमंत्र्यांनी ६ फेब्रुवारी २०२५ रोजी राज्यसभेत सांगितल्याप्रमाणे २००९ मध्ये ७३४ आणि २०१९ मध्ये २०४२ भारतीय असेच परत आले होते, पण तेव्हा बेड्यांची चित्रफीत घरोघर पोहोचली नव्हती आणि मराठीला या शब्दांची निवड करण्याची वेळही फारशी आली नव्हती. आता आली आहे. प्रश्न विचारणाऱ्या भगिनीने सोबत पाठवलेला मथळा होता, ‘अमेरिकेतून १०४ घुसखोर तडीपार’. मी तो असा लिहीन: ‘विनापरवाना वास्तव्याच्या कारणावरून अमेरिकेने १०४ भारतीयांना हद्दपार केले; लष्करी विमानाने अमृतसरला रवानगी, तिघे महाराष्ट्रातले’. मथळा लांबला आहे. जागा कमी पडत असेल तर ‘लष्करी विमानाने’ कापावे, ‘भारतीयांना’ कापू नये.