पिंप उपसलं, तरी अळ्या कुठून आल्या?

पावसाळ्यात कॉलेजांच्या आरोग्य क्लबांतली मुलं आणि त्यांचे पालक डेंग्यू आणि त्याच्या डासांबद्दल तेच तेच विचारतात. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

आमचा क्लब नाशिकच्या सिडकोत घरोघर अळ्या तपासणार आहे. परवानगी लागेल का?

महापालिकेच्या मलेरिया विभागाला आधी भेटा. टेमिफॉस (अळ्या मारायचं औषध) स्वतः टाकू नका.

हाउस इंडेक्स आणि ब्रेटो इंडेक्स यांत फरक काय?

शंभर घरांमागे अळ्या सापडलेली घरं म्हणजे हाउस इंडेक्स, अळ्या सापडलेली भांडी म्हणजे ब्रेटो. एकाच घरात चार पिंपांत अळ्या निघाल्या तर पहिल्यात एक धरा, दुसऱ्यात चार.

दर शनिवारी पिंप उपसतो, तरी अळ्या होतातच. असं का? (जुने नाशिक)

घासत नाही म्हणून. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. काळी, खसखशीहून बारीक. पिंप पालथं घातलं तरी ती निघत नाहीत. कोरडी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. पुढे डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून कोरडा दिवस (सगळी भांडी उपसून वाळवायचा) आठवड्यातून एकदा, पंधरवड्याने नव्हे. आतली भिंत काथ्याने खरवडा, धुवण कोरड्या मातीवर ओता, पिंप उन्हात वाळवा, भरल्यावर कापड घट्ट बांधा. फ्रिजमागचा ट्रे, कूलर आणि कुंडीखालची बशीही बघा. टॉर्च मारली की अळ्या तळाशी पळतात. मिनिटभर थांबा, श्वासाला वर येतातच.

आणि नगरसेवकाकडे धुरासाठी हट्ट धरू नका. धुराने उडता डास मरतो, अळी नाही. त्यात धुराची गाडी आली की आपण खिडक्या लावतो. एडिस तर घरातच, पलंगाखाली बसलेला असतो!

तापाच्या पहिल्याच दिवशी लॅबच्या पॅकेजमध्ये डेंग्यूची आयजीएम चाचणी केली, निगेटिव्ह आली. सुटलो ना?

नाही. पहिले पाच दिवस विषाणूचं प्रथिन शोधणाऱ्या एनएस१ चाचणीचे, प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम त्यानंतरची. तापाचा कितवा दिवस हे न विचारता पॅकेज विकणाऱ्याला तुमच्या निदानाशी देणंघेणं नाही. नुसत्या झटपट कार्ड टेस्टवरही विसंबू नका. प्रयोगशाळेतली एलायझा चाचणी हवी का, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

प्लेटलेट वाढायला पपईच्या पानांचा रस द्यावा की किवी?

कशाच्याच भरवशावर घरी बसू नका. पाणी, ओआरएस भरपूर द्या. तापाला डॉक्टर सांगतील तेवढीच पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. धोका बहुधा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसात असतो. पोटात जोराचं दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी यांतलं काहीही दिसलं तर प्लेटलेटचा आकडा कितीही असो, रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा.